पॉडकास्टच्या शंभराव्या भागात मी स्वतःच पाहुणा व्हावं का?

तुम्ही मराठीत पॉडकास्ट चालवता, शंभरावा भाग तोंडावर आलाय, आणि मित्रमंडळी मागे लागलीत की या वेळी तूच पाहुणा हो, तुझी गोष्ट सांग. तुम्हाला ती आत्मस्तुती वाटतेय. शिवाय मुलाखत बायकोने घेतली तर चालेल का, असंही विचारलंय.

व्हा की पाहुणे. मी झालोय. माझी अट एकच आहे: त्या भागाचं एडिटिंग तुम्ही करायचं नाही. समोर कोण बसतंय याला महत्त्व आहेच, पण शेवटी काय ठेवायचं आणि काय कापायचं हे तुमच्याच हातात राहिलं, तर खुर्ची बदलून उपयोग नाही. तुम्ही यजमानच राहता.

आत्मस्तुतीचं म्हणाल, तर हा पायंडा पॉडकास्टच्या कितीतरी आधीचा आहे. बीबीसी रेडिओवर रॉय प्लमली यांनी जानेवारी 1942 मध्ये 'डेझर्ट आयलंड डिस्क्स' सुरू केलं. निर्जन बेटावर अडकलात तर कुठल्या आठ रेकॉर्ड जवळ ठेवाल, असं पाहुण्याला विचारायचं आणि त्या निमित्ताने त्याच्याकडून त्याच्या आयुष्याची गोष्ट काढून घ्यायची. त्याच वर्षी मे महिन्यात प्लमली स्वतःच पाहुणे म्हणून बसले. युद्धाचे दिवस होते, त्यामुळे असे कार्यक्रम आधी लिहून, तपासून मगच वाचले जात. म्हणजे कल्पना यांची, बेट यांचं आणि संवादही आधीच कागदावर. 1958 मध्ये ते पुन्हा बसले, तेव्हा समोर एमन अँड्र्यूज होते. हे गृहस्थ टीव्हीवर लोकांना बेसावध गाठून त्यांच्यासमोर त्यांचीच जीवनकथा मांडण्याचा कार्यक्रम करायचे. निवड मला तरी फार आवडते.

आपल्या काळातलं उदाहरण मार्क मॅरनचं. अमेरिकेतला हा विनोदी कलाकार आपल्या पॉडकास्टच्या प्रत्येक भागाच्या सुरुवातीला स्वतःबद्दल भरपूर बोलायचा. घटस्फोट, व्यसन, मांजरं, सगळं श्रोत्यांना पाठ. तरीही 2011 मध्ये दोनशेव्या भागात त्याने माइक बर्बिग्लिया या दुसऱ्या विनोदी कलाकाराला मुलाखत घ्यायला बसवलं. आपण आपल्या मर्जीने सांगत सुटणं वेगळं आणि मध्येच कुणी थांबवून "थांब, त्याच्या आधी काय झालं?" म्हणणं वेगळं. पुढे 2015 मध्ये त्यानेच टेरी ग्रोस या रेडिओ मुलाखतकार बाईंना ब्रुकलिनच्या रंगमंचावर पाहुण्यांच्या खुर्चीत बसवलं. त्या 1975 पासून दुसऱ्यांना प्रश्न विचारत होत्या.

आता माझं. मी सोलापूरचा, पूर्व भागातला. घरात तेलुगू, दाराबाहेर मराठी. वडील यंत्रमागावर, अम्मा घरी विड्या वळायची. आता पुण्यात असतो आणि हाताने काम करणाऱ्या माणसांशी गप्पा मारणारा पॉडकास्ट चालवतो. माझ्या लहानपणाची गोष्ट मी कार्यक्रमांत, कॉलेजांत इतकी सांगितली होती की ती अगदी बसलेली होती. मागाचा खडखडाट, अम्माच्या मांडीवरचं सूप, खोलीभर तंबाखूचा वास, त्यात अभ्यास करणारा मुलगा. कुठे थांबायचं, कुठे आवाज खाली आणायचा, सगळं ठरलेलं. आपल्या धंद्यातल्या माणसाची अडचण हीच असते. कुठलं वाक्य रीलला चालेल हे आपल्याला बोलता बोलताच कळतं आणि आपण तोंडातच कट मारतो.

मुलाखत घेणारी मैत्रीण नाटकातली. माझे दोन-चारच भाग ऐकलेली. मी तिला प्रश्न दिले नाहीत, घरच्यांचे आणि एका शाळासोबत्याचे फोन नंबर दिले. माझी गोष्ट तिने शांतपणे ऐकून घेतली आणि विचारलं, "कॉलेजची फी कुठून आली?"

माझ्या गोष्टीत या प्रश्नाला जागाच नव्हती. तिथे मेहनत होती, जिद्द होती. फीचं उत्तर साधं आहे. विडी कामगारांच्या कल्याण निधीसाठी 1976 चा केंद्राचा कायदा आहे, विड्यांवरच्या उपकरातून तो निधी उभा राहायचा आणि त्यातून कामगारांच्या मुलांना शिष्यवृत्ती मिळायची. अम्माकडे विडी कामगाराचं ओळखपत्र होतं, म्हणून मला ती मिळाली. ते ओळखपत्र नसलेल्या बायकाही गल्लीत होत्या. त्यांची पोरं माझ्याइतकीच हुशार होती, काही जास्तच. पुढची वीसेक मिनिटं आम्ही त्यांच्याबद्दल बोललो आणि त्या भागातला ऐकण्यासारखा तुकडा तोच आहे. मी एकटा माइकसमोर बसलो असतो तर तिकडे गेलोच नसतो. दिव्याखाली अभ्यास करणाऱ्या मुलाला टाळ्या मिळतात, ओळखपत्राला कोण टाळ्या वाजवणार?

दुसरा प्रश्न तिने विचारला तो पानांचा. विडीचं पान आधी भिजवावं लागतं, मग मापाने कापावं लागतं, त्यानंतर वळणं. "अम्मा वळायची, मग कापायचं कोण?" कापायची अक्का, माझी थोरली बहीण. तिची शाळा नववीत सुटली.

इथे एक गोष्ट लक्षात ठेवा. तुमच्या जीवनकथेत जी माणसं येतात, ती पाहुणी व्हायला कबूल झालेली नसतात. भाग प्रसिद्ध करायच्या आधी मी अक्काला फोन करून तो तुकडा ऐकवला. ती म्हणाली, "सांग की, मला काय! पण बिचारी करू नको मला. गणित नको होतं म्हणून शाळा सोडली मी, तुझ्यासाठी नाही." हे किती खरं आणि किती मला बरं वाटावं म्हणून, ते तिलाच ठाऊक. तिच्या परवानगीने हे वाक्य आम्ही भागात जसंच्या तसं घातलं.

एडिटिंग एका तरुण मुलाकडे दिलं. माझ्याकडे दोनच हक्क ठेवले: एखादी माहिती चुकली असेल तर दुरुस्त करणं आणि दुसऱ्याची खासगी बाब निघाली असेल तर ती काढायला सांगणं. त्याने माझा सगळ्यात हुकमी किस्सा सरळ उडवला, "सर, हा तुम्ही आधीच्या भागांत सांगितलाय" म्हणून. शिष्यवृत्तीच्या प्रश्नानंतर मी बराच वेळ गप्प होतो, तो वेळ मात्र त्याने ठेवला. मी असतो तर पहिला तोच कापला असता. टीझरमध्ये माझा दाटलेला आवाज टाकायचा त्याचा विचार होता, त्यावर आमची थोडी वादावादी झाली. शेवटी टाकला नाही. ही सूट माझ्या दोन हक्कांत बसत नव्हती, मी ती मागून घेतली, हे खरं.

यंत्रांपासूनही लांब राहा. रेकॉर्डर समोर असला की तुमची नजर आवाजाच्या लेव्हलवर जाणार, बाहेर रिक्षा वाजली की तुम्ही वाक्य परत म्हणणार. हेडफोन दुसऱ्याच्या कानावर द्या. दोघांच्या आवाजाचे ट्रॅक वेगळे घ्यायला सांगा, म्हणजे एकाच वेळी बोललात तरी एडिटरला वाट राहते.

बायकोचं म्हणाल तर नको. तिला सगळं माहीत असतं, म्हणून ती विचारत नाही, आठवण करून देते: "तो नगरचा किस्सा सांग ना!" मग तुम्ही दोघं हसता आणि ऐकणारा लग्नघरात चुकून शिरलेल्या माणसासारखा बाजूला उभा राहतो. शिवाय काही प्रश्न असे असतात की ते चारचौघांत विचारायची वेळ घरच्या माणसावर आणू नये. तुमचं काम ओळखणारं पण घर न ओळखणारं कुणी शोधा.

आणि शंभरावाच भाग कशाला? त्या आकड्याला सत्काराचा वास येतो. समोरची व्यक्ती कौतुकाने सुरुवात करते आणि मग अवघड प्रश्न तिच्या तोंडून निघत नाही. शंभराव्याला श्रोत्यांचे प्रश्न घ्या, आपला भाग एकशेतीन-एकशेचारला, मध्येच कुठेतरी सोडा. नाटकातलं कुणी बोलावणार असाल तर तारीख आत्ताच धरून ठेवा, त्यांचे शनिवार-रविवार प्रयोगांत गेलेले असतात.