रसायनांची जुनी निळी पिंपे घरात आणि बागेत वापरावीत का?

भंगारवाल्याकडे 200 लिटरची निळी प्लास्टिकची पिंपे स्वस्तात मिळत आहेत, ती पाणी साठवण्यासाठी आणि गच्चीवरील बागेसाठी कशी वापरावीत, असे आपण विचारले आहे. पिण्याच्या पाण्यासाठी ती मुळीच वापरू नयेत, आणि पिंपात पूर्वी काय भरलेले होते हे खात्रीने कळत नसेल तर भाजीपाल्यासाठीही घेऊ नयेत, असे माझे स्पष्ट मत आहे.

मी लोटे-परशुराम औद्योगिक वसाहतीतील एका रासायनिक कारखान्याच्या भांडारात नोकरी केली. आमच्या खेड तालुक्यातील अनेक वाड्यांच्या विहिरी एप्रिल-मेमध्ये तळ गाठतात आणि टँकर आला की मिळेल त्या भांड्यात पाणी भरून ठेवावे लागते, त्यामुळे शिमगा सरला की ओळखीची माणसे रिकाम्या पिंपांसाठी माझ्याकडे शब्द टाकत असत. मी कोणालाही एकही पिंप दिले नाही. घातक रसायनांनी माखलेले रिकामे पिंप 2016 च्या घातक कचरा नियमांनुसार स्वतःच घातक कचरा ठरते आणि ते परवानाधारकाकडेच जावे लागते. नातेवाइकांना मात्र हा माझा ताठा वाटला, आणि ते बोलणे मला आजही लागते.

पुतणीच्या लग्नात हा वाद उघड झाला. थोरल्या चुलतभावांनी, ज्यांना आम्ही सारे दादा म्हणतो, मांडवात पाणी भरण्यासाठी भंगारातून दोन निळी पिंपे आणली. लेबल खरवडून काढलेले होते, तरी ज्वालेचे चित्र असलेल्या तांबड्या चौकोनाचा अर्धा भाग शिल्लक होता, म्हणजे आत ज्वलनशील द्रव होता. दादांनी ती सोड्याने आणि चिंचेने घासून घेतली होती आणि आता आत कसलाही वास नाही, असे ते सर्वांना सांगत होते. मी एका पिंपात थोडे कढत पाणी ओतायला लावले, दोन्ही बुचे घट्ट बसवली आणि पिंप दिवसभर अंगणात उन्हात ठेवले. संध्याकाळी बूच काढताच थिनरसारखा उग्र वास आला आणि आचाऱ्यांनी ते पाणी हाती घेण्यास नकार दिला. वहिनींनी शेजारच्या घरांतून तांब्या-पितळेची भांडी गोळा करून वेळ निभावली. दादा तरीही म्हणाले, "अख्खी वाडी हीच पिंपं वापरते, कुणाला काय झालं?"

त्यांना तेव्हा मांडवात उत्तर देणे मी टाळले, ते येथे देतो. कित्येक सेंद्रिय द्रावके, म्हणजे थिनरसारखे द्रव, प्लास्टिकच्या पृष्ठभागावर न राहता त्याच्या जाडीत मुरतात आणि ऊन लागले की हळूहळू पुन्हा बाहेर येतात. हिंगाची डबी घासून तिचा वास जात नाही, तसेच हे आहे. अशा पाण्याने माणूस त्याच दिवशी आजारी पडेलच असे नाही, परंतु यकृताला किंवा मूत्रपिंडाला वर्षानुवर्षे होणारी इजा पिंपामुळे झाली हे वाडीत कोणी आणि कसे ओळखावे? कोणाला काही झालेले दिसत नाही, हा निर्धोकपणाचा पुरावा नव्हे.

खाद्यपदार्थांची पिंपे मिळत असतील तर ती अवश्य घ्यावीत. रत्नागिरीकडे आंब्याचा गर साधारण 215 किलोच्या पोलादी पिंपांत भरतात. गर आतल्या निर्जंतुक पिशवीत असतो आणि पत्र्याला लागत नाही. खाऱ्या हवेत पत्रा लवकर गंजतो, म्हणून पाण्यापेक्षा सुके गवत, अवजारे किंवा पालापाचोळ्याचे खत यांसाठी ते उत्तम. खतासाठी पिंपाला चहूबाजूंनी भोके पाडून ते विटांवर उचलून ठेवावे. ग्लुकोज सिरप किंवा व्हिनेगरचे प्लास्टिकचे पिंप जीवामृतासाठी, म्हणजे शेण-गोमूत्राच्या पातळ खतासाठी, अगदी योग्य, कारण एकरी प्रमाणच 200 लिटर पाण्याचे आहे. पिण्याच्या पाण्यासाठी मात्र आयएस 12701 या प्लास्टिकच्या पाणीटाक्यांच्या भारतीय मानकाचा शिक्का असलेली नवी टाकीच घ्यावी.

उन्हात तापवून वास न आल्यास पिंप सुरक्षित आहे, असाही अर्थ घेऊ नये, कारण कित्येक घातक पदार्थांना वासच नसतो. पोलादी पिंप गॅस कटरने कधीही कापू नये. रिकाम्या दिसणाऱ्या पिंपातील वाफेने स्फोट होऊन माणसे दगावतात. गच्चीवर अर्धे कापलेले पिंप ओल्या मातीने भरले की दीडशे किलोच्या घरात जाते, तेव्हा ते तुळईच्या रेषेवर ठेवावे. पाणी साठवलेल्या पिंपावर घट्ट झाकण हवे आणि आठवड्यातून एकदा ते रिकामे करून आतील कडा घासावी, कारण डेंग्यूच्या डासाची अंडी पाण्याच्या रेषेलगत चिकटलेली असतात आणि नुसते पाणी ओतून दिल्याने ती जात नाहीत.