त्याला कोणी विचारलं का?

जालना जिल्ह्यातल्या एका ३४ वर्षांच्या बाईचं पत्र आहे. लग्न २०१४ साली जालन्याच्या प्रॉटेस्टंट चर्चमध्ये लागलं. नवरा कामाला पुण्याला गेला आणि २०१९ पासून तिथेच दुसऱ्या बाईबरोबर राहतोय. मूलबाळ नाही. ही आईजवळ राहते, बालवाडीत शिकवते. आता संभाजीनगरकडच्या एका कॅथलिक विधुराने मागणी घातली आहे, त्यांना एक मुलगी आहे. सासरचे म्हणतात, बाँडवर फारकत लिहून घे आणि मोकळी हो. चर्चच्या मंडळीतले वडील, म्हणजे तिथले पुढारी, म्हणतात, लग्न केलंस तर प्रभुभोजन (चर्चमधला भाकर-द्राक्षरसाचा विधी) बंद. ‘मावशी, दुसरं लग्न केलं तर मला पाप लागेल का?’ असं तिने विचारलंय.

पोरी, सप्रेम सलाम.

पापाचं नंतर बघू, आधी बाँडचं. त्यावर सही करू नकोस. नोटरीचा शिक्का असो, पंचांच्या सह्या असोत की चर्चच्या पाळकसाहेबांची चिठ्ठी, त्याने तुझं लग्न मोडत नाही. ख्रिस्ती लग्न मोडायचा अधिकार १८६९ च्या घटस्फोट कायद्याने कोर्टालाच आहे. तो कागद हातात घेऊन तू दुसऱ्यांदा उभी राहिलीस तर नवरा हयात असताना लग्न केलं असा त्याचा अर्थ होतो, आणि भारतीय न्याय संहितेच्या कलम ८२ खाली त्या गुन्ह्याला ७ वर्षांपर्यंत कैद आहे. फारकत लिहून देणारा तिकडे पुण्यात मजेत राहील.

त्याला सही करायचीच आहे ना? मग कोर्टात कर म्हणावं. घटस्फोट कायद्याच्या कलम १०-अ खाली दोघांच्या संमतीने अर्ज होतो. नाही म्हणाला तर दोन वर्षांहून जास्त काळ टाकून गेला, हे एवढं कारण तुला पुरेसं आहे. त्या बाईचे फोटो नि मेसेज गोळा करत हिंडू नकोस. लग्न जालन्यात लागलंय म्हणून अर्जही जालन्यातच चालतो, पुण्याला खेटे घालायला नकोत. वकिलासाठी जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात जा. बाईला तिथे मोफत वकील मिळतो, पगार किती ते बघत नाहीत. या कायद्यात २००१ ची दुरुस्ती होण्याआधी आपल्या बायकांचे हाल कुत्रं खात नव्हतं. नवऱ्याने बायकोचा व्यभिचार दाखवला की काम झालं. बायकोला मात्र व्यभिचाराच्या जोडीला छळ किंवा टाकून जाणंही शाबीत करावं लागे, आणि वर जिल्हा न्यायालयाचा निकाल उच्च न्यायालय कायम करेपर्यंत वाट बघायची.

आता पापाचं. वडिलांनी तुला बायबलमधलं लूक १६:१८ वाचून दाखवलं असणार: नवऱ्याने टाकलेलीशी जो लग्न करतो तो व्यभिचार करतो. वचन कडक आहे, मी ते गिळून टाकणार नाही. पण त्या ओळीची सुरुवात कोणापासून होते ते बघ. बायको टाकणाऱ्या पुरुषापासून. त्या काळी यहुदी गुरूंमध्ये वाद होता. शम्मायचे लोक म्हणत, निर्लज्ज वर्तन असेल तरच सूटपत्र द्यावं. हिल्लेलचे म्हणत, स्वयंपाक करपवला तरी चालेल. परूशी, म्हणजे नियमशास्त्राला धरून चालणारे यहुदी, येशूला विचारतात ते हेच, कोणत्याही कारणावरून बायको टाकावी का? त्याने उत्तर दिलं, मोशेने परवानगी दिली ती तुमची मनं कठीण म्हणून. ऐकणारे सगळे टाकणारे होते. आपल्याकडे तेच वचन टाकलेलीच्या अंगावर फेकतात. मला याची चीड येते, खोटं कशाला बोलू.

मत्तयाच्या शुभवर्तमानात व्यभिचाराचा अपवाद दोनदा आलाय, ५:३२ आणि १९:९. पौल करिंथकरांच्या पहिल्या पत्रात, ७:१५ मध्ये, आणखी एक सांगतो: विश्वास न ठेवणारा निघून गेला तर भाऊ किंवा बहीण बांधलेली नाही. वडील म्हणतील, तुझा नवरा बाप्तिस्मा झालेला आहे, हे त्याला लागू नाही. तेव्हा मत्तय १८ उघड. भाऊ चुकला तर आधी एकट्याने सांगा, मग आणखी एका-दोघांना घेऊन जा, मग मंडळीपुढे आणा, आणि मंडळीचंही ऐकलं नाही तर त्याला परक्यासारखा समजा. तर मंडळीतून कोणी पुण्याला गेलं होतं का? एखादा फोन, एखादी चिठ्ठी? तुझ्या पत्रात तसं काही नाही. सहा-सात वर्षं त्याचं घोंगडं भिजत पडलंय आणि प्रभुभोजन तुझं बंद करायला निघालेत.

आणखी एक. जालन्याजवळ बेथेल हे ख्रिस्ती गाव वसवणारे रेव्ह. नारायण शेषाद्री स्कॉटलंडच्या फ्री चर्चचे. त्या चर्चचा विश्वासनामा म्हणजे १६४६ चा वेस्टमिन्स्टरचा. व्यभिचाराइतकंच, काही केल्या न सुधारणारं टाकून जाणंही त्यात घटस्फोटाला पुरेसं कारण म्हणून लिहिलंय. आपल्या भागात सुवार्ता घेऊन आलेल्यांनीच हे मानलेलं होतं, हे वडिलांना अदबीने सांग. आणि आधी नवऱ्याला पत्र पाठवा, अशी लेखी विनंती कर. माझं मत विचारशील तर कोर्टाच्या निकालानंतर तू बांधलेली नाहीस. सगळ्या मंडळ्या हे मानत नाहीत, हेही तुला माहीत असू दे.

तुझी खरी अडचण पाहुण्यांच्या, म्हणजे त्या विधुराच्या, बाजूने आहे, आणि ती तुला कोणी सांगितलेली दिसत नाही. दोन बाप्तिस्मा झालेल्यांचं लग्न प्रॉटेस्टंट चर्चमध्ये लागलं तरी कॅथलिक चर्च ते पक्कं धरतं. कोर्टाचा निकाल तिथे पुरत नाही. त्यांच्या धर्मप्रांताच्या विवाह न्यायाधिकरणाने तुझं पहिलं लग्न मुळातच झालं नव्हतं असं ठरवलं, तरच त्यांच्या चर्चमध्ये तुमचं लग्न लागेल. तिथे नवऱ्याने नंतर काय केलं ते बघत नाहीत, लग्नाच्या दिवशी त्याच्या मनात काय होतं ते बघतात. ती बाई तेव्हाही त्याच्या आयुष्यात होती का? काही लपवलं होतं का? आठवून लिहून ठेव. पूर्वी दोन न्यायाधिकरणांचा सारखा निकाल लागायचा, २०१५ मध्ये पोप फ्रान्सिस यांनी एकच पुरेसा केला. तरी ‘करू काहीतरी’ एवढ्यावर भागवून घेऊ नकोस. पाहुण्यांनी त्यांच्या फादरना आत्ताच विचारावं. रजिस्टर लग्न १९५४ च्या विशेष विवाह कायद्याने होईल, पण मग मिस्सेत, म्हणजे त्यांच्या उपासनेत, कम्युनियन (प्रभुभोजन) त्यांचं थांबेल. ते त्यांना चालणार आहे का, हे त्यांच्या तोंडून ऐक.

निकाल हातात आला तरी अपिलाची मुदत संपेपर्यंत साखरपुडासुद्धा नको. अर्ज दाखल झाला की कळव. आणि त्यांच्या मुलीचं वय काय, तिला या सगळ्यातलं काय सांगितलंय, ते तू लिहिलं नाहीस. एकदा जाऊन तिला भेटून ये, घरच्यांना बाहेर बसवून.

तुझी मावशी