वाचकांचे प्रश्न : ईसीयू खरंच गेलाय का?

प्रश्न : माझी २००९ ची १.३ लिटर डिझेल हॅचबॅक आहे. सेल्फ जोरात फिरतो, पण इंजिन पकडत नाही. किल्ली ऑन केल्यावर चेक इंजिनचा दिवा लागायचा, तो आता लागतच नाही. स्कॅनरही कनेक्ट होत नाही. गॅरेजवाले ईसीयू (इंजिन चालवणारा कॉम्प्युटर) बदला म्हणतात. दुसरं काही असू शकतं का?
– एक वाचक, कराड

उत्तर : असू शकतं, आणि बहुतेक वेळा असतंच. तुमच्या पत्रातली सगळ्यात कामाची गोष्ट म्हणजे तो न लागणारा दिवा. बहुतेक गाड्यांत तो ईसीयूच लावतो. म्हणजे बहुधा ईसीयू जागा झालेला नाही. पण तो जळालाय की त्याच्यापर्यंत सप्लायच पोचत नाही, हे दिव्यावरून कळणार नाही.

स्कॅनर कनेक्ट न होणं हाही पुरावा नव्हे. आपल्याकडे ओबीडी-२ (गाडीतले दोष स्कॅनरला सांगायची ठरावीक पद्धत) सक्तीचं झालं ते एप्रिल २०१३ पासून. त्याआधीच्या बऱ्याच गाड्या के-लाइनवर (एका वायरच्या जुन्या जोडणीवर) आणि कंपनीच्या स्वतःच्या प्रोटोकॉलने बोलतात. मोबाइलला जोडायचा स्वस्त अडॅप्टर त्यांच्यापुढे गप्प बसतो. तोच स्कॅनर त्याच मॉडेलच्या चालू गाडीवर लावून बघा. शिवाय स्कॅनर लावायच्या सोळा पिनांच्या सॉकेटमध्ये १६ नंबरला १२ व्होल्ट आणि ४ व ५ नंबरला अर्थ (बॅटरीच्या निगेटिव्हशी जोडणी) मिळतोय का, हे मीटरने तपासा. काही गाड्यांत या सॉकेटचा आणि सिगारेट लायटरचा फ्यूज एकच असतो. मोबाइल चार्जरने तो उडाला की स्कॅनर मुका आणि आरोप ईसीयूवर.

आता मूळ तपासणी. आधी बॅटरी. गाडी रात्रभर उभी राहिल्यावर १२.६ व्होल्टच्या आसपास हवी आणि सेल्फ मारताना ९.६ च्या खाली जाता कामा नये. व्होल्टेज त्याहून घसरलं, तर सेल्फ फिरत राहतो आणि ईसीयू मात्र रीसेट होतो. त्यानंतर ईसीयूचे फ्यूज आणि मेन रिले (ईसीयूला सप्लाय जोडून देणारा विजेवरचा स्विच). फ्यूज डोळ्यांनी बघून भागत नाही, दोन्ही टोकांना मीटर लावा. रिलेचा 'टक्' आवाज आला म्हणजे त्याचे पॉइंट चांगले आहेत असंही नाही. आत जळून काळे पडलेले पॉइंटही टक् करतात.

यानंतरची पायरी बहुतेक ठिकाणी गाळली जाते. किल्ली बंद करा, दहा मिनिटं थांबा, बॅटरीचं निगेटिव्ह काढा आणि मगच ईसीयूचा कपलर (वायरी जोडणारा प्लग) सोडवा. वायरिंग डायग्रॅमवरून सप्लायच्या आणि अर्थच्या पिना ओळखा. निगेटिव्ह परत जोडा आणि गाडीच्या वायरिंगकडच्या कपलरमध्ये सप्लाय व अर्थ यांच्यामध्ये २१ वॅटचा इंडिकेटर बल्ब लावा. मेन रिलेतून येणारा सप्लाय ईसीयूने रिले ओढल्यावरच येतो, म्हणून त्या पिनांसाठी रिलेचं काम जंपर वायरने करून घ्यावं लागतं. बल्ब लख्ख पेटला तर लाइन चांगली. मिणमिणला तर वाटेत कुठेतरी तार सडली आहे. नुसत्या मीटरवर इथे विसंबू नका. केबलमधली एकच बारीक तार शिल्लक असली तरी मीटर १२ व्होल्ट दाखवतो, कारण तो करंट जवळजवळ ओढतच नाही. बल्ब पावणेदोन अँपिअर ओढतो, तिथे सोंग टिकत नाही. मात्र हा बल्ब सप्लाय आणि अर्थच्या पिनांवरच. सेन्सरच्या पिनेला लावलात तर नवंच दुखणं विकत घ्याल.

अर्थ वेगळा तपासा. कपलर परत बसवा, मीटरची एक पिन कपलरच्या मागून अर्थच्या वायरशी टेकवा, दुसरी थेट बॅटरीच्या निगेटिव्हवर. सेल्फ मारायला सांगा. ०.१ व्होल्टच्या आत रीडिंग आलं तर उत्तम. अर्धा व्होल्ट किंवा जास्त दिसलं तर इंजिन ते बॉडी आणि बॉडी ते बॅटरी या दोन्ही अर्थ पट्ट्या सोडवून, पॉलिश पेपरने घासून पुन्हा घट्ट करा. कोकणात आणि घाटमाथ्यावर फिरलेल्या जुन्या गाड्यांत बोल्टखाली पांढरट-हिरवा थर हमखास सापडतो. आणि वायरला सुई टोचून तपासायची सवय सोडा. त्या भोकातून पावसाचं पाणी शिरतं आणि काही महिन्यांत आतलं तांबं हिरवं पडून तुटतं.

सप्लाय आणि अर्थ दोन्ही ठीक निघाले, तर सेन्सरना जाणारी ५ व्होल्टची लाइन बघा. ईसीयू हे ५ व्होल्ट रेल प्रेशर (रेल म्हणजे सगळ्या इंजेक्टरना दाबाखालचं डिझेल देणारा सामाईक पाइप), एक्सिलरेटर पेडल, बूस्ट (टर्बोच्या हवेचा दाब) अशा अनेक सेन्सरना देतो. त्यातला एक आतून शॉर्ट झाला तर त्या लाइनवरचे सगळेच आंधळे होतात, आणि काही गाड्यांत ईसीयूही गप्प होतो. ५ ऐवजी ०.३ व्होल्ट वगैरे दिसलं, तर किल्ली बंद करून एकेक सेन्सरचा कपलर काढत जा, दर वेळी किल्ली ऑन करून रीडिंग घ्या. ज्याला काढल्यावर ५ व्होल्ट परत येतील तो चोर. सगळे काढूनही आले नाहीत, तर ईसीयूचा कपलर सोडवून ती वायर बॉडीला कुठे घासून अर्थ झालीय का ते बघा. वायर स्वच्छ, सप्लाय-अर्थ पक्के, आणि तरीही ५ व्होल्ट नाहीत? मग मात्र ईसीयूला दोषी ठरवायला हरकत नाही.

प्रश्न : २००८ ची सात सीटर कॉमन रेल डिझेल एसयूव्ही. तासभर चालली की अचानक बंद पडते, वीस मिनिटांनी काही न करता चालू होते. 'ईसीयू गरम होतो' असं सांगितलंय. स्कॅनरवर दोषाचा कोड येत नाही.
– एक वाचक, श्रीरामपूर

उत्तर : आधी क्रँक सेन्सर, म्हणजे इंजिन किती वेगाने फिरतंय ते ईसीयूला सांगणारा. गरम झाल्यावर त्याच्या आतली कॉइल तुटते, थंड झाल्यावर जुळते. गाडी बंद पडलेली असतानाच स्कॅनर लावा आणि सेल्फ मारताना आरपीएम बघा. साधारण २०० दिसायला हवा. शून्य दिसला तर सेन्सर किंवा त्याची वायर. दोन वायरींच्या कॉइलवाल्या सेन्सरचा रेझिस्टन्स थंड आणि गरम असा दोन्ही वेळा मोजा. थंडीत आठ-नऊशे ओहम आणि गरमीत मीटर ओपन दाखवत असेल तर शोध संपला. तीन वायरींचा हॉल सेन्सर ओहममध्ये मोजू नका, त्याचा सप्लाय आणि सिग्नल बघा. कोड नाही याचं नवल नाही. इंजिन थांबलेलं असताना सिग्नल नसणं ईसीयूला स्वाभाविकच वाटू शकतं.

आरपीएम ठीक असेल तर रेल प्रेशर बघा. सेल्फवर २०० बारच्या आसपास पोचलं नाही, तर बऱ्याच गाड्यांत ईसीयू इंजेक्टर उघडतच नाही. गरम डिझेल पातळ होतं आणि झिजलेल्या इंजेक्टरमधून रिटर्नला पळतं, म्हणून हे दुखणंही गरमीतच वर येतं. चारही इंजेक्टरच्या रिटर्न पाइपना सारख्या बाटल्या लावा. एक बाटली बाकीच्यांपेक्षा भराभर भरली तर तो इंजेक्टर बाद.

इथे एक गोष्ट जोर देऊन सांगायची आहे. जुन्या पंपाच्या गाड्यांवर हात बसलेले मेकॅनिक मिसिंग (कुठला सिलिंडर काम करत नाही ते) शोधायला चालू इंजिनवर पाइपचे नट ढिले करतात. कॉमन रेलवर हे कदापि करू नका. त्या पाइपमध्ये हजार बारहून जास्त दाब असू शकतो, बारीक धार कातडीतून आत घुसते. चालू इंजिनवर इंजेक्टरच्या कपलरलाही हात नको, तिथे ६५ ते ८० व्होल्टचे झटके असतात.

प्रश्न : भंगार बाजारातून त्याच मॉडेलचा ईसीयू आणून बसवला. सेल्फ फिरतो, किल्लीचं चित्र लुकलुकतं, गाडी चालू होत नाही. हाही खराब निघाला का?
– एक वाचक, भिवंडी

उत्तर : नसावा. किल्लीचं चित्र म्हणजे इमोबिलायझर (चोरी रोखणारी यंत्रणा), तो परक्या ईसीयूला ओळखत नाही. बाहेरून सारखे दिसणारे ईसीयू आतून वेगळे असतात, म्हणून स्टिकरवरचा हार्डवेअर नंबर आकडा न् आकडा जुळवा. बॉशच्या डिझेल ईसीयूंवर तो ०२८१ ने सुरू होतो. नंबर जुळत असेल तर जुन्या ईसीयूतला डेटा बेंचवर काढून नव्यात उतरवून देणारे कारागीर आहेत. त्यासाठी जुना ईसीयू फेकू नका. डेटा उतरवता आला नाही, तर किल्ल्या नव्याने शिकवाव्या लागतात आणि ज्या गाड्यांत इंजेक्टरच्या डोक्यावर करेक्शन कोड (त्या इंजेक्टरच्या मापातला बारीक फरक सांगणारे) छापलेले असतात, तिथे ते कोडही भरावे लागतात. ते भरले नाहीत तर गाडी चालू होईल, पण खडखडेल आणि धूर काढेल.

बसवण्याआधी जुना का गेला ते शोधा. हीटर प्लगचा रिले, ईजीआर (थोडा धूर इंजिनात परत सोडणारा व्हॉल्व्ह) किंवा टर्बोचा सोलेनॉइड, इंजेक्टर, यांतलं काही शॉर्ट असेल तर तेच दुसऱ्या ईसीयूलाही खाईल. सोलेनॉइड इंजेक्टरची कॉइल एका ओहमच्या आत असते, म्हणून मीटरच्या वायरींचा रेझिस्टन्स वजा करून चारही रीडिंग एकमेकांशी ताडून बघा.

प्रश्न : ट्रकच्या २४ व्होल्टवरून जंप स्टार्ट दिला. तेव्हापासून ईसीयूचा फ्यूज घातला की उडतो.
– एक वाचक, जालना

उत्तर : ईसीयूचा कपलर काढून फ्यूज घाला. टिकला, आणि कपलर लावताच उडाला, तर ईसीयूच्या सप्लायवर बसवलेला संरक्षक डायोड शॉर्ट झालेला असण्याची शक्यता मोठी. बाकीचं बोर्ड वाचवायला तोच बळी जातो, म्हणून असे ईसीयू बरेचदा दुरुस्त होतात. मोठा फ्यूज किंवा वायरचा तुकडा घालून बघू नका, बोर्डवरची पट्टीच जळेल. अल्टरनेटरही तपासा : इंजिन २००० आरपीएमवर, हेडलाइट लावून, मीटर एसी व्होल्टवर. अर्धा व्होल्टहून जास्त दिसलं तर त्याचा डायोड गेलाय. हीच एसी वीज पुढे नाही नाही ते कोड उठवते. पी ०६०६ हा प्रोसेसरचा कोडसुद्धा निव्वळ खराब सप्लायमुळे येऊ शकतो.

प्रश्न : माझ्या १९९८ च्या जीपमध्ये ईसीयू कुठे असतो? किल्ली फिरवूनही इंजिन चालू होत नाही, सेल्फ ठीक आहे.
– एक वाचक, अकोले

उत्तर : मेकॅनिकल पंपाच्या गाडीत तो नसतोच. पंपावर स्टॉप सोलेनॉइड असेल तर किल्ली ऑन केल्यावर त्याच्या वायरला १२ व्होल्ट आणि हाताला 'टक्' जाणवला पाहिजे. तेवढं ठीक असेल तर डिझेल फिल्टरवरचा हातपंप मारून हवा काढा.