आर्टरीविना उंदीर जगतो, मग माणसात एवढा आटापिटा कशाला?

प्रश्न : मी जीवशास्त्राची विद्यार्थिनी आहे. यकृताला हिपॅटिक आर्टरी (यकृताची धमनी) आणि पोर्टल व्हेन (आतड्यांकडून रक्त आणणारी शीर) अशा दोन वाटांनी रक्त मिळतं, हे शिकले. पण उंदरांतल्या यकृत प्रत्यारोपणाचं एक वर्णन वाचलं, त्यात आर्टरी जोडलेलीच नव्हती आणि तरी उंदीर जगले होते. मग माणसात ती जोडायला सर्जन इतका वेळ का घालवतात?

उत्तर : वाचलंत ते खरं आहे. उमेदीच्या काळात अशी यकृतं मीही बसवली आहेत. नाओशी कामादा आणि रॉय काल्न यांनी १९७९ मध्ये मांडलेली कफची पद्धत आम्ही वापरायचो. दात्याच्या पोर्टल व्हेनचं टोक प्लास्टिकच्या इवल्याशा नळीतून ओवायचं, बाही दुमडावी तसं नळीवर उलटवायचं आणि दोऱ्याने बांधायचं. मग घेणाऱ्या उंदराची व्हेन त्यावर चढवून दुसरा दोरा आवळायचा आणि रक्त अडवणारा चिमटा, म्हणजे क्लॅम्प, सोडायचा. फिकट पडलेलं यकृत बघता बघता तांबूस होतं. हे सगळं घाईने उरकावं लागतं, कारण पोर्टल व्हेन बंद असेपर्यंत आतड्यांतलं रक्त तुंबून ती काळीनिळी पडत असतात. अर्धा तास उलटला की उंदीर सहसा हातचा जातो. आर्टरी नंतर सावकाश जोडता येते, पण ती इतकी बारीक की बरेच जण तिच्या वाटेला जात नाहीत.

तरी यकृत जगतं, कारण रक्ताचा साधारण तीन चतुर्थांश भाग पोर्टल व्हेनच आणते. हे रक्त आतड्यांतून फिरून आलेलं असल्याने त्यातला ऑक्सिजन कमी झालेला असतो, पण यकृताची जवळपास निम्मी गरज त्यावर भागते. यकृताच्या पेशी त्यावर तग धरतात.

पित्तनलिकांचं तसं नाही. त्यांच्याभोवतीचं केशवाहिन्यांचं जाळं आर्टरीवरच पोसलेलं असतं. आपल्या स्वतःच्या यकृतात आर्टरी बंद पडली तर आजूबाजूच्या बंधांमधून येणाऱ्या बारीक वाहिन्या थोडीफार मदत करतात. प्रत्यारोपणात ते सगळे बंध कापूनच यकृत बाहेर काढलेलं असतं, म्हणजे पित्तनलिकांसाठी मागचं दारही बंद. माणसात जोडलेल्या आर्टरीत लवकर गुठळी झाली, तर यकृत काही दिवस बरं चाललंय असं वाटू शकतं. मग पित्तनलिका सडू लागतात, पित्त गळतं, गळवं होतात. पुष्कळदा दुसरं यकृत बसवण्यावाचून गत्यंतर उरत नाही. म्हणून शस्त्रक्रियेनंतरच्या दिवसांत डॉप्लर (ध्वनिलहरींनी रक्तप्रवाह पाहणारं यंत्र) लावून आर्टरीचा प्रवाह तपासत राहतात.

उंदरातही फुकट काही मिळत नाही. आर्टरीविना ठेवलेल्या यकृतात पुढे पित्तनलिकांची वेडीवाकडी वाढ दिसते, भोवती तंतू साचतात. स्लाइड पाहणारा सहज म्हणून जातो, ‘रिजेक्शन!’ शरीराने परकं यकृत नाकारलं, असा शेरा मारायला सोपा असतो. मला मात्र अशा वेळी आधी रक्ताचा हिशेब मागावासा वाटतो, कारण या क्षेत्राची सुरुवातच त्या घोळाने झाली.

१९५५ साली स्टुअर्ट वेल्च यांनी कुत्र्याचं मूळ यकृत जागेवर ठेवून पोटात दुसरं बसवलं. त्याची आर्टरी जोडली, पण पोर्टल व्हेनमध्ये रक्त सोडलं ते आतड्यांकडचं नव्हे, तर शरीराच्या मागच्या भागातून परतणारं, व्हीना केव्हा या हृदयाकडे जाणाऱ्या मोठ्या शिरेतलं. रक्ताची कमी नव्हती. तरी काही दिवसांत ते यकृत आक्रसायचं आणि खापर रिजेक्शनवर फुटायचं. साठच्या दशकात डेन्व्हरमध्ये थॉमस स्टार्झल आणि थॉमस मार्किओरो यांनी प्रतिकारशक्ती दाबणारी औषधं देऊन पाहिलं, तरी आक्रसणं थांबेना. मग आतड्यांकडचं रक्त नव्या यकृताला दिलं, तर ते टिकलं आणि मूळ यकृत आटलं! पुढे त्यांनी एकाच कुत्र्याच्या स्वतःच्या यकृताच्या दोन भागांना वेगवेगळं रक्त दिलं. आतडी आणि स्वादुपिंडाकडचं रक्त मिळालेला भाग भरदार राहिला, दुसरा रोडावला. परक्या अवयवाचा इथे संबंधच नव्हता, त्यामुळे रिजेक्शनचा मुद्दा निकालात निघाला. त्या रक्तातला एक महत्त्वाचा पोषक घटक इन्शुलिन आहे, हे सत्तरच्या दशकात स्पष्ट झालं.

आता तुमच्या त्या वर्णनात उंदीर किती काळ ठेवले होते ते बघा. पहिल्या काही दिवसांत यकृताच्या पेशी कशा सावरतात एवढंच पाहायचं असेल, तर आर्टरीविना फारसं अडत नाही. पण कित्येक महिन्यांनी पित्तनलिकांची अवस्था पाहून रिजेक्शनबद्दल काही म्हटलं असेल, तर मी ते मान्य करणार नाही. आर्टरीसकट प्रत्यारोपण उंदरात जमतं. सन ली यांच्या गटाने १९७३ मध्येच ते करून दाखवलं होतं. वेळखाऊ आहे, हात बसायला महिने लागतात, पण अशक्य नाही.