वाल पेरण्याआधी सोलून बघ

प्रिय मुली,

पहिलीच्या वर्गाला ‘बी कसं रुजतं’ शिकवायचंय म्हणून तू तक्ता मागितलास. तक्ता राहू दे. मूठभर वाल रात्री भिजत घाल आणि सकाळी प्रत्येकाच्या हातात एक-एक दाणा दे. ज्यांच्या घरी बिरडं होतं ती पोरं तुलाच शिकवतील, चिमटीत दाबला की दाणा सालीतून कसा सटकतो ते. मग डाळी हलक्या हाताने उकलायच्या. कडेला इवलासा कोंब चिकटलेला असतो, भिंगातून त्याची दुमडलेली पानंही दिसतात. इथे घाई करू नकोस, तास संपला तरी चालेल. रोप दाण्यात आधीपासूनच आहे आणि दोन डाळी म्हणजे त्याची शिदोरी, एवढं त्यांनी डोळ्यांनी पाहिलं की पुढचं सोपं होतं.

दाणे मात्र मोजून दे, मोजून परत घे. या वयाची पोरं दाणा नाकात घालतात आणि तो आत फुगतो.

दुसऱ्या दिवशी ओल्या कापसावर दाणे ठेव आणि पैज लाव. अख्खे मूग, मूगडाळ, कच्चे शेंगदाणे, भाजलेले शेंगदाणे – मोड कशाला येतील? प्रत्येकाचा अंदाज फळ्यावर लिही आणि गप्प बस. (आपल्याला हेच जमत नाही.)

‘बी रुजायला सूर्यप्रकाश लागतो’ हे वाक्य तुझ्या टिपणातून खोड. आपल्या कडधान्यांना रुजायला पाणी, हवा आणि ऊब पुरते. फडक्यात बांधलेल्या मटकीला कुठे ऊन मिळतं? घटस्थापनेचा गहूही देवघराच्या अंधाऱ्या कोपऱ्यात उगवतो, फक्त पिवळा. उजेड लागतो तो नंतर, शिदोरी संपल्यावर स्वतःचं अन्न करायला. कापूस ओला असू दे, पण दाणा पाण्यात बुडू देऊ नकोस. हवा मिळाली नाही की तो कुजतो.

काचेच्या ग्लासात आतून टीपकागद लाव आणि काच व कागद यांच्यामध्ये वाल आणि हरभरा शेजारी शेजारी बसव. एखादा दाणा मुद्दाम उलटा ठेव, मूळ वळून खालीच जातं. वाल आपल्या डाळी डोक्यावर घेऊन वर येतो, हरभरा त्या खालीच ठेवतो. हा फरक तू सांगू नकोस, कोणीतरी ओरडून सांगेलच.

‘झाड माती खातं का?’ हा प्रश्न हमखास येतो. सतराव्या शतकात फान हेल्मोंट नावाच्या शास्त्रज्ञाने कुंडीतल्या 200 पौंड मातीत विलो या झाडाचं रोप 5 वर्षं वाढवलं. 5 पौंडांचं रोप 169 पौंडांच्या वर गेलं, माती मात्र जेमतेम 2 औंस घटली. त्याने सगळं श्रेय पाण्याला दिलं, हवेचा वाटा पुढच्यांनी शोधला. हे तुझ्यासाठी. मुलांना इतकंच विचार, कापसावर तर माती नव्हती, मग रोप वाढलं कशावर?

आणि शनिवार-रविवारी पाणी कोण घालणार, ते शुक्रवारीच ठरव.

तुझ्या बाई