शिक्षण आणि लग्नाचं वय : पाहणीचे आकडे कसे वाचावेत?

प्रश्न : आमच्या पाहणीत २० ते २४ वयाच्या विवाहित स्त्रियांचं लग्नाच्या वेळचं सरासरी वय काढलं. पदवीधर आणि फक्त शालेय शिक्षण झालेल्या स्त्रिया यांत जेमतेम दीड वर्षाचा फरक निघाला. मग शिक्षणामुळे लग्न लांबतं असं म्हणायचं की नाही?

उत्तर : या आकड्यावरून काहीच म्हणू नका, कारण वयोगटच चुकला आहे. या वयातल्या बऱ्याच पदवीधर मुलींची लग्नं अजून व्हायची असतात आणि उशिरा लग्न करणाऱ्या नेमक्या त्याच. समजा, १०० पदवीधरांपैकी ३० जणींचीच लग्नं झाली आणि त्यांची सरासरी २१ आली. ते वय त्या ३० जणींचं आहे. उरलेल्या ७० जणी हिशेबात आल्याच नाहीत.

३५ ते ३९ वयोगट घ्या आणि अविवाहितांनाही मोजा. प्रत्येक शिक्षणगटात लग्नाची वयं चढत्या क्रमाने लावा, अविवाहितांना शेवटी ठेवा आणि निम्म्या जणींची लग्नं ज्या वयापर्यंत झाली, ते मध्यक वय टिपा. गटात २०० जणी असतील तर शंभराव्या स्त्रीचं लग्नाचं वय. आजच्या विशीतल्या मुलींचं चित्र यातून मिळणार नाही, पण जे मिळेल ते खरं असेल.

लोकसंख्याशास्त्रज्ञ जॉन हजनाल यांनी १९५३ साली मांडलेली, वयोगटवार अविवाहितांच्या प्रमाणावरून सरासरी काढण्याची पद्धत इथे नको. तिचा हिशेब १५ ते १९ वयोगटापासून सुरू होतो आणि त्या वयात पदवीधर जवळपास नसतातच, त्यामुळे तक्त्याची पहिलीच ओळ कोरी राहते.

फरक मोठा निघाला तरी तो सगळा शिक्षणाच्या खात्यावर टाकता येत नाही. शाळा सुटली म्हणून लग्न झालं, की लग्न ठरलं म्हणून शाळा सुटली? घरची परिस्थिती तर दोन्हींवर परिणाम करते. म्हणूनच तुर्कस्तानचं उदाहरण मोलाचं आहे. तिथे १९९७ मध्ये सक्तीचं शिक्षण ५ वर्षांवरून ८ वर्षांवर नेलं. बदल कायद्याने सर्वांनाच लागू झाल्यामुळे आधीच्या आणि नंतरच्या जन्मवर्षांतल्या मुलींची तुलना करता आली, आणि नंतरच्यांमध्ये कोवळ्या वयातली लग्नं घटलेली दिसली.

तुमच्या प्रश्नावलीत शिक्षण थांबल्याचा, लग्न ठरल्याचा आणि लग्न झाल्याचा महिना व वर्ष वेगवेगळे विचारा. शिक्षण थांबल्यापासून लग्नापर्यंतचा काळ दोन्ही गटांत सारखाच निघाला, तर लग्न लांबलं ते मुख्यतः शिकण्यात गेलेल्या वर्षांमुळे. पदवीधरांमध्ये तो जास्त असेल, तर नोकरी, कमाई आणि स्वतःच्या लग्नाबाबत मुलीच्या शब्दाला घरात किती किंमत आहे, हे पुढे विचारायला हवं.