लाइट गेल्यानंतर एचबेस क्लस्टर सुरू होत नाही, नेमनोड फॉरमॅट करू का?

फॉरमॅट करू नका. निदान खालचं सगळं तपासून होईपर्यंत तरी नकोच.

तुमच्या प्रश्नातून मला कळलं ते असं: सांगलीत कॉलेजच्या लॅबमध्ये तीन मशीन मिळून एचबेस (अनेक मशीनवर पसरलेला डेटाबेस) चालतं. पहिल्यावर नेमनोड (फाइलींचा हिशेब ठेवणारा), झूकीपर (सगळ्यांचा ताळमेळ राखणारा) आणि एचमास्टर (एचबेसचा मुख्य), बाकी दोन्हींवर डेटानोड (प्रत्यक्ष डेटा साठवणारे) आणि रीजन सर्व्हर (एचबेसचा डेटा वाचून-लिहून देणारे). आयर्विन पुलाजवळच्या पाणीपातळीच्या नोंदी त्यात भरल्यात. परवा वळवाच्या पावसात लाइट गेली, थोड्या वेळाने यूपीएसही बसला. आता एचबेसच्या शेलमध्ये (कमांड देण्याच्या जागी) काहीही विचारलं तरी ‘मास्टर इज इनिशियलायझिंग’ एवढंच येतं, आणि दोन्ही रीजन सर्व्हर जेपीएसमध्ये (चालू जावा प्रोसेसच्या यादीत) क्षणभर दिसून गायब होतात. मित्र म्हणतो, नेमनोड फॉरमॅट कर.

कुठली फाइल कुठल्या ब्लॉकमध्ये (डिस्कवरच्या तुकड्यांत) आहे याची वही नेमनोडकडे असते. फॉरमॅट केलं की ती वहीच जाते. ब्लॉक डिस्कवर पडून राहतात, पण ते कशाचे हे सांगणारं कुणी उरत नाही. वर नवीन क्लस्टर आयडी तयार होतो, म्हणून डेटानोड ‘इनकम्पॅटिबल क्लस्टर आयडीज’ म्हणत उभे राहायला नकार देतात. म्हणजे आज एक अडचण आहे, उद्या दोन होतील आणि नोंदीही जातील.

काल चालणारं क्लस्टर आज चालत नाही, तेव्हा कॉन्फिगरेशनच्या फाइली उघडून बसू नका. त्या कुणी बदलल्या नाहीत. लाइट गेल्याने काय बदललं, ते शोधा. माझ्या अनुभवात तीनच गोष्टी बदलतात: टेम्प फोल्डर, आयपी आणि घड्याळ.

टेम्पचं लगेच कळतं. हडूपची (एचबेसच्या खालची, फाइली साठवणारी यंत्रणा) टेम्प डिरेक्टरी बदलली नसेल तर नेमनोडचा डेटा मुळात टेम्पमध्येच जातो, आणि उबुंटू रीस्टार्टला टेम्प साफ करतं. असं झालं असतं तर नेमनोड उठलाच नसता. तुमचा उठलाय, म्हणजे त्यातून वाचलात. तरीही हे पार पडलं की ती जागा आधी बदला.

आयपीचं असं, की लाइटबरोबर राउटरही बंद पडला असणार. मशीनना आयपी डीएचसीपीने (म्हणजे राउटरकडून आपोआप) मिळत असतील तर ते बदललेले असू शकतात आणि होस्ट्स फाइलमध्ये (मशीनची नावं आणि आयपी यांच्या यादीत) जुनेच राहतात. ब्राउझरमध्ये नेमनोडचं पान उघडा (हडूप ३ असेल तर पोर्ट ९८७०). तिथे दोन्ही डेटानोड जिवंत दिसत असतील तर आयपीचा संशय सोडून द्या. त्याच पानावर सेफ मोड (यात नुसतं वाचता येतं, लिहिता येत नाही) चालू आहे का तेही दिसतं. ९९.९ टक्के ब्लॉकचा हिशेब लागेपर्यंत नेमनोड सेफ मोडमध्येच राहतो आणि एचमास्टरही तोवर थांबून राहतो. त्याला जबरदस्तीने बाहेर काढू नका, आधी एफएससीके (फाइली तपासणारी कमांड) चालवून ब्लॉक हरवलेत का ते बघा.

पण रीजन सर्व्हर उठून लगेच मरतायत, यावरून माझा संशय घड्याळावर आहे. दुसऱ्या मशीनवर रीजन सर्व्हरचा लॉग उघडा, डॉट आउट नव्हे, डॉट लॉग. शेवटून वाचू नका, शेवटी नुसती आवराआवर असते. ‘अबॉर्टिंग रीजन सर्व्हर’ शोधा आणि तिथून वर जा. ‘मास्टर रिजेक्टेड स्टार्टअप बिकॉज क्लॉक इज आउट ऑफ सिंक’ अशी ओळ सापडली तर चोर मिळाला.

यात गंमत अशी की चूक बहुतेक पहिल्या मशीनची असते आणि मरतात दुसरी दोन. जुन्या मशीनच्या मदरबोर्डवरची सीआर २०३२ बॅटरी संपलेली असते. वीज असेपर्यंत कळत नाही. वीज गेली की घड्याळ काही वर्षं मागे जातं, आणि लॅबमध्ये इंटरनेट नसेल तर ते दुरुस्तही होत नाही. मास्टरचंच घड्याळ मागे गेलं की त्याला बाकी सगळे चुकीचे वाटतात. फरक ३० सेकंदांच्या वर गेला की तो रीजन सर्व्हरला घेतच नाही. तिन्हीवर डेट कमांड द्या, एका मिनिटात उलगडा होईल.

ही ३० सेकंदांची मर्यादा वाढवून वेळ मारून नेण्याचा सल्ला कुणीतरी देईल. ऐकू नका. एचबेस भरलेल्या प्रत्येक मूल्यावर वेळेचा शिक्का मारतं आणि वाचताना सर्वात नवा शिक्का असलेलं मूल्य देतं. समजा, एका दिवसाची पातळी चुकून ४२ फूट भरली गेली होती, ती तुम्ही आज ३२ करून टाकली. रीजन सर्व्हरचं घड्याळ मागे असेल तर दुरुस्तीवर जुना शिक्का बसतो आणि वाचताना ४२ च येतं. एरर काहीच येत नाही. पुराच्या नोंदींत असली चूक नंतर कुणाच्या लक्षातही येणार नाही. तिन्ही मशीनची घड्याळं एकदम मागे गेली असतील तर मास्टरही ओरडणार नाही, म्हणून तिन्हींतला आपसातला फरक बघून भागत नाही, भिंतीवरच्या घड्याळाशीही ताडून बघा.

आता दुरुस्ती. एचबेस पूर्ण बंद करा. बॅटरी बदला, घड्याळाच्या दुकानात सहज मिळते. वेळ लावून हार्डवेअर क्लॉकमध्येही लिहा. पहिल्या मशीनवर क्रोनी (घड्याळं जुळवून ठेवणारा प्रोग्राम) टाका, त्यात ‘लोकल स्ट्रॅटम १०’ आणि लॅबच्या नेटवर्कला ‘अलाउ’ द्या, बाकी दोघांना त्याच्याकडून वेळ घ्यायला सांगा. मग इंटरनेट नसलं तरी तिघांची वेळ एकच राहते. त्यानंतर एचडीएफएस (हडूपची फाइल-साठवण, म्हणजे नेमनोड आणि डेटानोड) सुरू करा, सेफ मोड सुटला की एचबेस.

सुरू झाल्यावर थोडा वेळ ‘इनिशियलायझिंग’ दिसेलच. लाइट गेली तेव्हाचे अर्धवट वॉल लॉग (बदल आधी लिहून ठेवण्याच्या नोंदी) मास्टर वाटून घेत असतो. या वेळात किल करू नका. पोर्ट १६०१० वरच्या पानावर दोन रीजन सर्व्हर दिसले की शेलमध्ये एक काउंट (टेबलातल्या ओळी मोजणारी कमांड) मारून बघा.

लॉगमध्ये घड्याळाची ओळ नसेल तर ‘अबॉर्टिंग’च्या वरच्या वीसेक ओळी आणि तिन्ही मशीनच्या होस्ट्स फाइल इथे टाका. बघून सांगतो.